हप्ते वसूल करणाऱ्याने साक्ष कुठे द्यावी, कुठे गप्प बसावं?

जय ख्रिस्त, भाऊ.

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नवापूर तालुक्यातले, सध्या जळगावला एका मायक्रोफायनान्स कंपनीत फील्ड ऑफिसर. सकाळपासून गावोगाव बायकांच्या सेंटर मीटिंगा आणि हप्त्यांची वसुली. तरुणांच्या एका सभेत तुम्हाला सांगण्यात आलं की रोज निदान एका माणसाला येशूबद्दल सांगायचं, म्हणजे साक्ष द्यायची, आणि रात्री वहीत त्याचं नाव लिहायचं; जो सांगत नाही तो प्रभूला नाकारतो. म्हणून तुम्ही पिशवीत लोन कार्डांसोबत पत्रकं ठेवली आणि मीटिंग उरकल्यावर वाटू लागलात. ब्रँच मॅनेजरने ताकीद दिली. तेव्हापासून तुम्ही ऑफिसात, खोलीवर, कुठेच तोंड उघडत नाही आणि येशूला ‘ओळखत नाही’ म्हणणाऱ्या त्या शिष्यासारखा आपला पेत्र झाला असं मनाला खातंय. त्यात हप्ते थकलेल्या एका ताईंनी विचारलं, ‘साहेब, माझ्या पोरासाठी तुमच्या चर्चमध्ये प्रार्थना कराल का?’ आणि तुम्ही विषय बदललात.

मी पाळक, म्हणजे पास्टर, नाही. चोपडा तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे आणि आमच्या छोट्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वडील (एल्डर) म्हणून जबाबदारी आहे. तेव्हा हे उत्तर दुकानदाराचं समजा. पण तुमच्या-माझ्या कामात एक गोष्ट सारखी आहे. आपल्यासमोर उभा असलेला माणूस बहुतेक वेळा आपलं देणं लागतो.

तुम्ही हा प्रश्न धैर्याचा म्हणून मांडलाय. मला तो धैर्याचा वाटतच नाही. तुमची सेंटर मीटिंग डोळ्यांसमोर आणा. कुणाच्या तरी ओट्यावर सतरंजी टाकलेली, बायका ओळीने बसलेल्या, पैसे रुमालाच्या गाठीत. एकीचे दोनशे कमी पडतात म्हणून बाकीच्या एकमेकींकडे बघतायत. तुम्ही नोटा मोजता, कार्डावर सही करता आणि त्याच हाताने पत्रक पुढे करता. ती ताई ते दोन्ही हातांनी घेते, कपाळाला लावते आणि घडी करून कमरेला खोचते. उद्या तुम्ही शाम्पूची जाहिरात दिलीत तरी ती तशीच घेईल, कारण पुढच्या वेळी चार दिवसांची सवलत तुमच्याच हातात आहे असं ती धरून चालते. तिने सुवार्ता ऐकली नाही, साहेबांची मर्जी राखली.

म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केलाय: ज्याला ‘नको’ म्हणायची मुभा नाही, त्याच्यापुढे आपण होऊन विश्वासाचा विषय काढायचा नाही. सगळं विकून गरिबांना दे म्हटल्यावर तो श्रीमंत माणूस खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशूने त्याला जाऊ दिलं, मागे धावला नाही. बायबलात मार्काच्या दहाव्या अध्यायात ते आहे. ऐकणाऱ्याला उठून जाता आलं पाहिजे. सतरंजीवरच्या ताईला उठता येत नाही. मॅनेजरच्या बोलण्यात तिरकसपणा असेलही, पण मुद्द्यापुरता तो बरोबर आहे. कंपनीच्या वेळेत आणि कंपनीच्या पदाच्या जोरावर पत्रकं वाटणं बंद करा.

मग त्या सतरंजीवर तुमचा विश्वास कुठेच दिसायचा नाही का? उलट तिथेच सगळ्यात जास्त दिसायला हवा. लूकच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा घ्यायला येतात आणि योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? ती वसुली करणारीच माणसं. योहान त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही, की नाक्यावर उभं राहून उपदेश करा असंही म्हणत नाही. ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका, एवढंच सांगतो. एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय तर मुख्य जकातदार. त्याचा पालट कशावरून कळला? कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो म्हणाला त्यावरून. बायबलमध्ये तुमच्या व्यवसायाला इतकं सरळ उत्तर आहे आणि सभेत तुम्हाला नावांची वही दिली गेली, याचं मला वाईट वाटतं.

आजच्या भाषेत ‘ठरलंय त्याहून जास्त नाही’ म्हणजे काय, ते रिझर्व्ह बँकेने लिहूनच ठेवलंय. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या मायक्रोफायनान्सच्या नियमांनुसार सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर कर्जदाराला फोन करणं हा जाच ठरतो. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागीच करायची. लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा ती बाई तिथे आली नाही, तरच घरी किंवा कामाच्या जागी जाता येतं. धमकी नाही, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना किंवा सोबतच्यांना त्रास नाही. आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त जाता कामा नयेत. हे नियम तुम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवले असतील. महिनाअखेरीला टार्गेट अंगावर आलं की त्यातलं किती उरतं, ते तुम्हीच जाणता.

आता एक प्रसंग धरू. एकीचा हप्ता नाही म्हणून सगळ्या बायकांना उन्हात बसवून ठेवायचं, जोवर त्या आपसात वर्गणी काढून भरत नाहीत तोवर कुणी उठायचं नाही, असं जागोजाग चालतं. तुम्ही त्या दिवशी ‘बाकीच्यांनी घरी जा, या ताईंशी मी वेगळं बोलतो’ म्हणालात, वरिष्ठांची बोलणी खाल्लीत आणि तिची अडचण खरी तशी रिपोर्टमध्ये लिहिलीत, तर त्या दिवसाची साक्ष झाली. आपल्याकडे कापसाचा पैसा दिवाळीच्या आगेमागे हातात येतो. नंदुरबारकडची माणसं ऊसतोडीला गुजरातेत गेली की उचल संपेपर्यंत घरी दमडी येत नाही. हप्ता मात्र वर्षभर सारखाच. कर्ज देतानाच हे बघून कमी रक्कम लिहिणारा फील्ड ऑफिसर मला तरी पत्रक देणाऱ्यापेक्षा जास्त ख्रिस्ती वाटतो.

माझ्या दुकानात हेच वेगळ्या रूपात चालतं. जून-जुलैत युरियाची टंचाई झाली की 45 किलोच्या गोणीवर 266 रुपये 50 पैसे छापलेले असतात आणि बाजारात तिचा भाव वेगळाच बोलला जातो. वरून आम्हाला गोण्यांसोबत न खपणारी औषधं गळ्यात मारतात, त्याला आम्ही लिंकिंग म्हणतो, आणि ते शेतकऱ्याच्या गळ्यात उतरवणं सगळ्यात सोपं. मान्यता नसलेलं एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीचं बियाणं मागणारे तर रोज येतात, त्यात कमाईही बक्कळ. मी ते ठेवत नाही, युरिया छापील किमतीला देतो आणि लिंकिंगचा माल पडून राहिला तर तोटा माझा. यात मोठेपणा नाही, कायदाच तसा आहे. पण बाकीच्या दुकानांत काय चालतं ते शेतकऱ्याला माहीत असतं, त्यामुळे त्याच्या मनात प्रश्न उभा राहतो. काउंटरवर मी धर्माचं अक्षर काढत नाही. भिंतीवर वचनाचं कॅलेंडर आहे, तेवढंच.

कधीतरी कुणी विचारतंच. आमच्याकडच्या एका शेतकऱ्याची आई वारली. तेरावं झाल्यावर तो उधारी चुकती करायला आला, पैसे मोजून दिले आणि तिथेच रेंगाळला. म्हणाला, ‘शेठ, तुमना देव मरेल माणूसनं काय सांगस?’ म्हणजे, मेलेल्या माणसाचं तुमचा देव काय सांगतो? मी आधी खातेवही मिटून आत ठेवली. काउंटरच्या बाहेर येऊन त्याच्या शेजारी बाकावर बसलो, चहा सांगितला. माझी आई गेली तेव्हा आम्ही तिला पुरलं, रडलो आणि तरी ती प्रभूजवळ आहे, पुन्हा भेटेल या आशेवर घरी आलो, एवढंच त्याला सांगितलं. येशू मेलेल्यातून उठला यावर ती आशा टेकलेली आहे, हेही सांगितलं. त्याच्या तेराव्याबद्दल, पिंडाबद्दल अवाक्षर नाही. चहा संपायच्या आत माझं बोलणं संपलं होतं. पुढे तो ख्रिस्ती झाला का? नाही. दर नाताळला पोरांना घेऊन फराळाला येतो, आणि त्याच्या घरात कुणी आजारी पडलं तर मला फोन करून प्रार्थना करायला सांगतो.

पेत्राच्या पहिल्या पत्रात 3:15 ला नेमकं हेच आहे: आशेविषयी जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेने द्या. तिथे विचारणारा आधी आहे. तयारी मात्र आपली हवी. तुम्हाला कुणी आज विचारलं तर पाच-सात वाक्यांत सांगता येईल का? सभेत म्हणतात ती ठोकळेबाज साक्ष नको. ‘पूर्वी मी पापात होतो’ने सुरू होणारी साक्ष चहाच्या टपरीवर चालत नाही. घरच्या बोलीत, मावचीत किंवा अहिराणीत एकदा स्वतःशी बोलून बघा. जे त्या बोलीत सांगता येत नाही, ते बहुधा आपल्याला नीट कळलेलं नसतं.

आता तुमच्या मनाला खाणाऱ्या गोष्टीकडे येतो. न बोलणं वेगळं आणि लपवणं वेगळं. पेत्राने भाषण केलं नाही म्हणून तो रडला नाही. सरळ विचारलं असताना ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणाला, म्हणून रडला. तुम्ही लिहिलंय की रविवारी कुठे होतास असं रूममेट विचारतात तेव्हा तुम्ही ‘गावाकडचं काम होतं’ म्हणता. भाऊ, दुखणं तिथे आहे, सेंटर मीटिंगमध्ये नाही. रूममेट तुमचे कर्जदार नाहीत. ते हसू शकतात, वाद घालू शकतात, कानांत इअरफोन घालून झोपू शकतात. म्हणजे बोलायची जागा तीच. येत्या रविवारी विचारलं तर ‘चर्चला गेलो होतो’ एवढंच म्हणा. पुढे काही जोडू नका. दोन-चार रविवार गेले की त्यांच्यातलाच कुणी विचारेल, ‘काय असतं रे तिथे?’

जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करत असाल तर त्यांच्यासमोरही करा, फार लांबवू नका. खोलीचं भाडं, गॅस, पाण्याचा जार यांचा हिशेब स्वच्छ ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला रोज वचन टाकणाऱ्याने मेसचे पैसे थकवलेले मी पाहिलेत, आणि लोक स्टेटसपेक्षा मेसचं जास्त लक्षात ठेवतात.

बरोबरीच्या माणसाशी बोलण्यावरून कवी नारायण वामन टिळक आठवतात. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीच्या डब्यात त्यांची एका गोऱ्या प्रवाशाशी गाठ पडली. कवितेवर गप्पा झाल्या, मग धर्मावर. उतरण्याआधी त्याने टिळकांच्या हाती नवा करार दिला. टिळकांना तो नाकारता आला असता, खिडकीतून फेकताही आला असता. त्यांनी तो वाचायला घेतला आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकले. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाने नाव कुठल्या वहीत लिहिलं असेल असं मला वाटत नाही. पुढे काय झालं ते त्याच्या कानावर तरी गेलं की नाही, कोण जाणे. दुसरी बाजूही बघा. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, मग एकत्र आल्या तरी सोवळं-ओवळं पाळत राहिल्या आणि आपल्या मनाने 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळकांसारख्या माणसाला घरातच पाच वर्षं थांबावं लागलं. ‘रोज एक’ हे माप कुठून आलं, ते सभेत एकदा विचारा.

कोणती गोष्ट कुठे चालेल, हे गावागणिक बदलतं. नवापूरकडे कितीतरी पाड्यांवर ख्रिस्ती घरं जुनी आहेत, रविवारी गाण्यांचा आवाज येतो, कुणाला नवल वाटत नाही. भुसावळला रेल्वेमुळे चर्च शहराच्या ओळखीचं झालंय. जळगावच्या नव्या कॉलनीत तुम्ही एकटे असाल, तर तिथे ख्रिस्ती माणूस कसा असतो हे लोक तुमच्याकडे बघूनच ठरवतात. म्हणून गावाकडची रीत जशीच्या तशी तिकडे नेऊ नका. घरसभेला बाहेर लाऊडस्पीकर लावायचा हट्ट तर मला कुठेच पटत नाही.

प्रसादाचं तुम्ही ओझरतं विचारलंय. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, कुणी जेवायला बोलावलं तर जा. आमरस-पुरणपोळी पोटभर खा. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात दहाव्या अध्यायात पौल म्हणतो की बोलावणं आलं आणि जावंसं वाटलं तर पुढे येईल ते खा, चौकशी करत बसू नका. हे देवाला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर मात्र खाऊ नका. आखाजीला घरोघरी पितरांची घागर भरतात, आगारी टाकतात म्हणजे त्यांच्या नावाने निखाऱ्यावर घास ठेवतात, तेव्हा हा प्रश्न येतोच. मी ताटातलं जेवतो. कुणी प्रसाद म्हणून वेगळा हातावर ठेवायला आलं तर हात जोडतो आणि ‘आमच्यात घेत नाहीत, राग मानू नका’ म्हणतो. आजवर कुणी रागावलं नाही. ‘आमच्यात हे पाप आहे’ म्हटलं असतं तर नक्की रागावले असते. आमच्याच मंडळीत काही जण मुळात जात नाहीत, काही जण प्रसादही घेतात. तुमच्या विवेकाला काय पटतं ते तुम्ही ठरवा, पण नाताळच्या करंज्या-चकल्या त्याच घरी न्यायला विसरू नका.

कायद्याचंही बोललं पाहिजे. राज्यघटनेच्या 25व्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची शिकवण मांडणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. आपण खान्देशी लोक सीमेवरचे. तुमचं नवापूर स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. गुजरातेत धर्मांतराबाबतचा कायदा 2003 पासून आहे, मध्य प्रदेशात 2021 चा आहे, आणि दोन्हींत प्रलोभन हा शब्द फार महत्त्वाचा. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या माणसाने कर्जदाराला पत्रक दिलं तर हप्त्यातली साधी सवलतही प्रलोभन म्हणून दाखवता येते. सीमेपलीकडे नातेवाइकांकडे सभेला जात असाल, किंवा कुणी बाप्तिस्म्याचं बोललं, तर आधी पाळकांशी आणि तिथल्या वकिलाशी बोलून मगच पुढे जा.

आता त्या ताई. त्यांनी आपण होऊन विचारलंय, तेव्हा टाळाटाळ नको. पुढच्या मीटिंगला त्यांना सगळ्यांदेखत बाजूला घेऊ नका. काम संपल्यावर सरळ सांगा: ‘ताई, मुलासाठी प्रार्थना करतो. पण तुमच्या हप्त्याचा आणि याचा काही संबंध नाही. प्रार्थना केली म्हणून सूट नाही, आणि नको म्हणालात तर त्रासही नाही.’ हे ऐकायला रुक्ष वाटेल, पण तिला मोकळं करणारं वाक्य हेच आहे. रात्री खोलीवर त्या मुलाचं नाव घेऊन प्रार्थना करा. घरी येऊन करा असं त्या म्हणाल्या तर एकटे जाऊ नका, खरं तर तुम्ही जाऊच नका. तुमच्या मंडळीतल्या महिला संघाला कळवा. दोघी-तिघी बायका जातील, चहा घेतील, पोराला जवळ घेतील. त्यांच्याकडे ना लोन कार्ड, ना टॅब. ताईंना त्यांना पुन्हा येऊ नका म्हणता येतं.

मुलाला काय झालंय ते तुम्ही लिहिलं नाही. काहीही असो, डॉक्टर आणि औषध सुटता कामा नये. आपल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची पोरं आहेत; ‘विश्वास ठेव, गोळ्या बंद कर’ असं सांगणारा कुणी मध्ये घुसला तर जीव जाईल. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे, आणि चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, पैसे उकळणंही. आमच्या मंडळीत आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला जाणारी माणसं आधी विचारतात, दवाखान्यात कधी दाखवलं? गाडीला पैसे नसतील तर ते देतात, आणि कुणाला सांगत नाहीत.

मॅनेजरला सोमवारी भेटा. पत्रकं ड्युटीवर वाटणार नाही, तुमचं बरोबर होतं, असं मोकळेपणाने सांगा. त्याच बैठकीत हेही विचारून घ्या की रविवारी वसुलीला पाठवणार असतील तर उपासनेच्या वेळेपुरती सुट्टी मिळेल का. ते ‘कुठली उपासना?’ म्हणाले तर सांगायला संकोचू नका, तिथे तुम्ही त्यांचे कर्मचारी आहात आणि ‘नाही’ म्हणायची ताकद त्यांच्याकडे आहे. बदली मागायची की काय असं तुम्ही शेवटी लिहिलंय. मी तरी इतक्यात मागणार नाही. कापसाचे पैसे येईपर्यंत थांबा. त्या सेंटरच्या बायका तेव्हा तुमच्याशी कशा बोलतात ते बघा आणि मग ठरवा.